गच्चीवरची दोरी उन्हानं गेली का, कसं बघायचं

एप्रिलात आमच्या आईनं गच्चीवर ओली सोलापुरी चादर वाळत टाकली आणि निळी दोरी मधोमध तुटली, चादर थेट शेजारच्यांच्या शेणींवर. गंमत म्हणजे हुकाच्या गाठीत दडलेला तुकडा अजून गर्द निळा होता आणि कितीबी ओढला तरी तुटेना. वय दोन्हीकडं सारखंच, फरक फक्त उन्हाचा.

उन्हातले यूव्ही किरण धाग्यातल्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडतात, मग तुटल्या जागी हवेतला ऑक्सिजन जाऊन बसतो आणि तोडातोड पुढं चालूच राहते. साखळ्या आखूड झाल्या की धागा कडक होतो, ताण घेत नाही.

आधी दोरी कशाची हे बघा, कारण दुकानात सरसकट सगळ्यालाच नायलॉन म्हणतात. छोटा तुकडा बादलीत बुडवून बोटांनी दाबून हवा काढा आणि सोडा. वर आला तर पॉलिप्रॉपिलीन नाहीतर एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिथिन), तळाला गेला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. यात साधं पॉलिप्रॉपिलीन उन्हात सगळ्यात लवकर जातं, पॉलिस्टर जास्त टिकतं.

मग पीळ उलगडा. आतला रंग आणि बाहेरचा रंग शेजारी धरून बघा, बाहेरच्या धाग्यावर नख ओढा. नखाला पांढरट भुकटी लागली, किंवा धागा दुमडल्यावर कट्कन मोडला, तर ती दोरी काढा, गाठ मारून चालवू नका, कारण शेजारची वीतभरही तेवढंच ऊन खाल्लेली असते. म्हशीचा कासरा आणि ट्रॉलीवरची दोरी तर दर उन्हाळ्याच्या शेवटी बघाच.

नवी घेताना यूव्ही स्टॅबिलाइझ्ड, म्हणजे ऊन सोसायला आत काही मिसळलेली, आहे का विचारा. काळी मिळाली तर बरं, पण नुसता काळा रंग नको, कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक भुकटी पाहिजे, ते किरण स्वतः शोषून घेतं. ताडपत्रीचंही तेच, जीएसएम जास्त म्हणजे उन्हाला टिकेल असं नाही, जीएसएम म्हणजे फक्त एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. गुऱ्हाळावर चिपाडाला घातलेली ताडपत्री काम झालं की घडी करून सावलीत टाका, उगाच वर्षभर पसरून ठेवायची नाही.

आम्ही आता पॉलिस्टरची बांधलीय. जुन्या दोरीचे गाठीतले चांगले तुकडे आईनं पिशव्यांची तोंडं बांधायला ठेवलेत.