बोधचिन्हातील देवनागरी अक्षरे दुसऱ्या संगणकावर बदलत असल्यास: माझा अनुभव
आमच्या मुक्तस्रोत प्रकल्पाचे बोधचिन्ह इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसे, पण ब्राउझरमध्ये आणि राजारामपुरीतील छपाईवाल्याच्या संगणकावर मुक्ता फॉन्टऐवजी भलतीच अक्षरे उमटत. ठिपक्यांनी बनलेली पीएनजी प्रतिमा मोठी केली तर फलकावर कडा धूसर झाल्या; एसव्हीजीत (रेषा-आकारांच्या रूपात चित्र साठवणाऱ्या फाइलीत) फॉन्टचा दुवा दिला, तर वेबपानात चित्र म्हणून जोडलेली एसव्हीजी बाहेरची फाइल मागवतच नाही. मनस्ताप फार झाला.

अखेर उपाय सापडला. प्रथम मूळ फाइल वेगळ्या नावाने जपावी, कारण पुढच्या पायरीनंतर मजकूर टंकून दुरुस्त करता येत नाही आणि इतर सहभागींना तीच लागते. मग प्रतीतील मजकूर निवडून ‘पाथ’ मेनूतील ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ वापरावे, म्हणजे अक्षरांचे आकारांत रूपांतर होऊन फॉन्टची गरज उरत नाही, आणि ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून साठवावे. मुक्ता हा फॉन्ट मुक्तपणे वापरू-वाटू देणाऱ्या एसआयएल ओपन फॉन्ट परवान्याखाली असल्याने परवान्याच्या मजकुरासह फॉन्टही मूळ फाइलीशेजारी अवश्य ठेवावा.