प्रवाळाच्या टाकीत भर घालताना

एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी, त्यात टाकीवर पंखा; माझ्या २०० लिटरच्या टाकीतून रोज चार लिटर पाणी उडायचं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओच्या गोड पाण्याची. हे मला पाठ होतं! पण गुरुवारी नळ बंद म्हणून मी ४० लिटरची दोन निळी पिंपं भरून ठेवली, एकात आरओचं, दुसऱ्यात पाणी बदलण्यासाठी कालवलेलं खारं. दहा दिवस चुकीच्या पिंपातून भर घातली. क्षारता लिटरमागे ३५ ग्रॅमवरून ४२ वर गेली, प्रवाळ मिटले. बोट बुडवून चाटलं असतं तरी कळलं असतं.

त्याहून मोठी चूक पुढची. घाबरून निम्मं पाणी एका दमात बदललं, तेव्हा कोळंब्याही गेल्या. क्षारता दिवसाला एखाद-दोन ग्रॅमनेच उतरवा.

पिंपं वेगळ्या रंगांची घ्या. टाकीच्या काचेवर पातळीची खूण करा, पण रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) आठवड्यातून एकदा तरी लावाच. पातळी बरोबर दिसत असतानाच माझी टाकी गेली. आणि रिफ्रॅक्टोमीटर लिटरमागे ३५ ग्रॅमच्या प्रमाणित द्रावणावर जुळवा, साध्या पाण्यावर नको.