व्हेनिसला जोडीने पहिल्यांदा जाताना : तयारीची यादी

आपल्याकडून युरोपच्या सहलीला गेलेल्या पुष्कळांनी व्हेनिस पाहिलेले असते, पण ते जेमतेम अर्धा दिवस. बस त्रोंकेत्तोच्या वाहनतळावर थांबते, तेथून नावेने सान मार्को या मुख्य चौकाकडे नेतात, चर्चसमोर सगळ्यांचा एकत्र फोटो होतो, आणि दिवेलागणीच्या आत मंडळी पुढच्या मुक्कामाच्या वाटेला लागतात. जोडीने स्वतंत्रपणे जाणाऱ्यांनी यापेक्षा वेगळे करायचे ते एवढेच, की दिवसाची गर्दी ओसरल्यावर आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा येण्याआधी आपण गावातच असायचे. पुढची सगळी तयारी या एका निर्णयावर अवलंबून असल्यामुळे खाडीत वसलेल्या मूळ गावात, म्हणजे बेटावर, किमान तीन रात्रींचा मुक्काम धरूनच ही यादी लिहिली आहे. दहा दिवसांत सात शहरे उरकायची असतील, तर त्यांतून व्हेनिस वगळलेलेच बरे.

सर्वांत आधी महिना ठरवावा. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे दिवस हवेच्या दृष्टीने सुखाचे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा, दमटपणा आणि डास यांचे प्रमाण असे असते की मुंबईकराला घर सोडल्यासारखे वाटू नये. फेब्रुवारीच्या सुमारास कार्निव्हल येतो. मुखवटे आणि पोशाख पाहण्यासारखे असतात, परंतु त्या दिवसांत खोल्यांचे भाव भलतेच चढतात. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत भरतीचे पाणी गावात शिरण्याची शक्यता असते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. ४ नोव्हेंबर १९६६ च्या १९४ सेंटिमीटरनंतरची ही सर्वांत मोठी नोंद. ऑक्टोबर २०२० पासून खाडीच्या मुखांशी बसवलेले ‘मोसे’ नावाचे पोलादी दरवाजे मोठ्या भरतीच्या वेळी उचलले जातात, त्यामुळे आता तसा प्रसंग सहसा येत नाही. तरीही सान मार्को चौक गावात सर्वांत सखल असल्याने मध्यम भरतीलाही तेथे घोट्याएवढे पाणी साचू शकते. नोव्हेंबरात जाणाऱ्यांनी चामड्याचे नवे बूट घरी ठेवून लवकर वाळणारी जोडी घ्यावी, आणि नगरपालिकेचा भरतीचा अंदाज रोज सकाळी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

व्हिसाची तयारी प्रवासाच्या किमान तीन महिने आधी सुरू करावी. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत पंधरा दिवस आधीची असते. मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर अर्ज देण्यासाठी तारीख मिळणे हेच खरे दुखणे असल्यामुळे मुदतीच्या भरवशावर राहू नये. ज्या देशात सर्वाधिक रात्री काढायच्या, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. व्हेनिसला तीन रात्री आणि पॅरिसला चार असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे जातो, ही गोष्ट तिकिटे काढण्याआधी लक्षात घ्यावी. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा आणि मुक्कामाचे सर्व दिवस व्यापणारा घ्यावा. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. त्यात हॉटेलचेही पैसे बुडू नयेत म्हणून आरक्षण रद्द करता येईल असेच करावे. बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रे आणि नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र यांबरोबर दिवसवार बेताचा एक कागदही जोडावा. अर्जाच्या आदल्या दिवशी कुणाकडून तरी उसने घेऊन खात्यात मोठी रक्कम भरण्याचा प्रकार तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

नवविवाहितांचे घोडे अडते ते बहुधा नावावर. पासपोर्टवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि विमानाचे तिकीट काढणाऱ्या मावसभावाने लग्नपत्रिकेतले नाव टाकलेले, असा तिढा आपल्याकडे सर्रास दिसतो. तिकीट, विमा, हॉटेल आणि व्हिसाचा अर्ज या चारही ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव, मधल्या नावासह, अक्षरशः जसेच्या तसे घालावे. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे अशी कायद्याची सक्ती नाही, आणि प्रवास तोंडावर असताना पासपोर्टवरील नाव बदलण्याच्या फंदात तर पडूच नये. नवरा-बायकोचे नाते दाखवायला विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र पुरते. ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने दिलेले प्रमाणपत्र केवळ मराठीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्यावे. हे प्रमाणपत्र अजून काढलेलेच नसेल, तर यादीतले पहिले काम हेच.

खोली घेताना मेस्त्रे की बेट, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मेस्त्रे हे खाडीपलीकडचे, मुख्य भूमीवरचे उपनगर. खोल्या स्वस्त, आणि आगगाडीने बेटावरचे सांता लुचिया स्थानक दहा-बारा मिनिटांवर. खर्चाची फारच ओढाताण असेल तर मेस्त्रे गैर नाही, परंतु मग रात्री जेवून उठल्यावर गाडीची वेळ गाठायची घाई मागे लागते, आणि ज्या वेळेसाठी इतक्या लांब आलो तीच हातची जाते. बेटावर सान मार्कोलगत राहण्यापेक्षा कान्नारेज्जो किंवा दोर्सोदुरो हे भाग निवडावेत, कारण तेथे अजून शाळेची मुले, वाण्याची दुकाने आणि दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. आरक्षण करताना तीन गोष्टी विचाराव्यात. खोली कितव्या मजल्यावर आहे आणि इमारतीत लिफ्ट आहे का, ही पहिली. जवळचा नावेचा थांबा कोणता आणि तेथून वाटेत किती पूल लागतात, ही दुसरी. तिसरी खास जोडप्यांसाठी : ‘कामेरा दोप्पिया’ म्हणजे बहुधा दोन वेगळ्या पलंगांची खोली असते, एक मोठा पलंग हवा असेल तर ‘मात्रिमोनियाले’ असा उल्लेख पाहून घ्यावा. पत्ताही नीट समजून घ्यावा, कारण येथे घरांना गल्लीनुसार नव्हे तर विभागानुसार क्रमांक दिलेले असतात. एकेका विभागात ते हजारांच्या घरात जातात आणि ३२१५ च्या शेजारी ३२१६ असेलच असे नाही. हॉटेलने सांगितलेला रस्ता आणि नकाशावरील नेमकी खूण दोन्ही फोनमध्ये उतरवून ठेवावी.

सामानाच्या बाबतीत मात्र कुणाचीही भीड बाळगू नये. मोटारी आणि बसगाड्या पियाझ्झाले रोमा येथे संपतात. त्यापुढे सारा कारभार पायांचा आणि नावांचा. गावात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. तेवीस किलोची बॅग चाकांवर गुळगुळीत चालते ती पुलाच्या पायथ्यापर्यंत. तेथे ती उचलायची, पंधरा-वीस पायऱ्या चढायच्या, कमानीच्या माथ्यावर दम खायचा, पलीकडे तितक्याच उतरायच्या, आणि पन्नास पावलांवर पुन्हा तेच. पावसात दगड निसरडे होतात आणि मागून येणारी माणसे खोळंबतात. म्हणून दोघांत मिळून एक मध्यम बॅग आणि पाठीवरच्या दोन पिशव्या, एवढाच नियम करावा. लग्नातल्या जरीच्या साड्या नेण्याचा आग्रह होईल, तेव्हा प्रेमाने नकार द्यावा. फोटोसाठी एखादी हलकी साडी जरूर घ्यावी. जड दागिने घरी राहू द्यावेत. भरलेल्या नावेत खिसेकापूंची सोय होते.

विमानतळ गावाबाहेर, खाडीच्या काठावर आहे. तेथून बसने पियाझ्झाले रोमाला येता येते किंवा आलिलागुना कंपनीच्या नावेने थेट गावात उतरता येते; नावेला सान मार्कोपर्यंत तासाहून अधिक वेळ लागतो, पण पहिल्यांदा येणाऱ्याने पाण्यावरूनच यावे असे माझे मत आहे. खासगी मोटारबोटीचे भाडे शंभर युरोंच्या वर जाते, त्यामुळे तिचा विचार घरीच करून सोडून द्यावा. गावातली सार्वजनिक नाव म्हणजे व्हापोरेत्तो. तिचे एकेरी तिकीट २०२५ मध्ये ९.५० युरो होते आणि ते ७५ मिनिटे चालायचे, तर २४ तासांचा पास २५ युरो आणि ७२ तासांचा ४५ युरो असा दर होता. तीन रात्रींच्या मुक्कामाला ७२ तासांचा पास परवडतो. मात्र आलिलागुनाची नाव त्यात धरलेली नसते, आणि प्रत्येक वेळी चढताना यंत्रावर पास टेकवावा लागतो. दोघांपैकी कुणी २९ वर्षांपर्यंतचे असेल, तर ‘रोलिंग व्हेनिस’ कार्ड घेऊन हा पास सवलतीत मिळतो. पहिल्या संध्याकाळी १ क्रमांकाच्या नावेने ग्रँड कॅनॉलची, म्हणजे गावातल्या मुख्य कालव्याची, टोकापासून टोकापर्यंत फेरी मारावी. ती प्रत्येक थांब्यावर रेंगाळते, आणि आपल्याला तेच हवे असते.

गोंडोल्याचा प्रश्न पैशांचा कमी आणि गैरसमजांचा जास्त आहे. नगरपालिकेने ठरवलेला दर २०२३ च्या अखेरीपासून दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११० युरो असा आहे, आणि तो माणशी नसून सबंध नावेचा आहे. गाणे हवे असेल तर त्याचे पैसे वेगळे. बसण्याआधी वेळ, रक्कम आणि मार्ग हे तिन्ही स्पष्ट बोलून घ्यावे, आणि रहदारीच्या ग्रँड कॅनॉलऐवजी आतल्या अरुंद कालव्यांतून नेण्यास सांगावे. इतके पैसे मोजायचे नसतील तर ‘त्रागेत्तो’ आहे. ग्रँड कॅनॉलच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर नेणारी ही साधी गोंडोला पाहुण्यांकडून माणशी दोन युरो घेते. दोन-तीन मिनिटांतच पैलतीर येतो, पण गोंडोल्यात बसलो हे खोटे ठरत नाही.

दिवसाच्या आगाऊ आरक्षणांपैकी दोजेंच्या, म्हणजे जुन्या व्हेनिस प्रजासत्ताकाच्या प्रमुखांच्या, राजवाड्याचे सर्वांत महत्त्वाचे, आणि त्यातही ‘गुप्त मार्ग’ ही मार्गदर्शकासहची फेरी मिळाली तर सोडू नये. तीत शिशाच्या छताखालच्या त्या कोठड्या दाखवतात, जिथून प्रेमप्रकरणांसाठी गाजलेला काझानोव्हा १७५६ मध्ये निसटला. राजवाड्याला लागूनच ‘उसाशांचा पूल’ आहे. सूर्यास्ताला घंटा वाजत असताना त्याखालून जाणाऱ्या गोंडोल्यात जोडप्याने चुंबन घेतले तर प्रेम अखंड टिकते, अशी दंतकथा तेथे सांगितली जाते. हा पूल बांधला तो कैद्यांना तुरुंगात नेण्यासाठी. त्यामुळे नवविवाहितांनी या दंतकथेवर फार खोल विचार करू नये. सान मार्को चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात व मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. समोरचा घंटामनोरा १९०२ मध्ये कोसळला आणि १९१२ मध्ये पुन्हा उभा राहिला. त्यात लिफ्ट आहे. पण वरून सान मार्कोच पाहायचा असेल तर समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावरील मनोरा अधिक चांगला. तेथेही लिफ्ट आहे आणि रांग लहान असते. २०२४ पासून वर्षातील ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे, परंतु त्या माफीची नोंद संकेतस्थळावर करून क्यूआर कोड जवळ ठेवावा लागतो. राहण्याचा कर वेगळा असून तो हॉटेलातच द्यावा लागतो.

खाण्याची तयारी शाकाहारी मंडळींनी अधिक कसून करावी. व्हेनिसचे जेवण हे मुळात मासळीचे. ‘बिगोली इन साल्सा’ हा नुसत्या कांद्याच्या रश्शातला पास्ता दिसतो, पण त्यात खारवलेली मासळी विरघळवलेली असते. रिसोत्तो या भाताच्या प्रकाराला मासळीचे किंवा मांसाचे पाणी वापरलेले असू शकते, आणि ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणजे मांस नाही, मासळी नाही, एवढे पाठ करून जावे आणि अंडे चालत नसेल तर ‘सेन्झा उओवा’ जोडावे. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाची मात्र चंगळ आहे : तळलेल्या तारलीवर कांदा आणि व्हिनेगर घालून मुरवलेले ‘सार्दे इन साओर’ त्याला परके वाटणार नाही. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून टेबलावर बसण्याची माणशी काही रक्कम लावतात, ती फसवणूक नव्हे. कॉफी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते. सान मार्कोतल्या १७२० पासूनच्या फ्लोरियान कॅफेत बसून घेतली, तर वाद्यवृंदाचेही पैसे लागतात. घरून खाकरे, चिवडा, मेतकूट, कोरडी चटणी खुशाल न्यावी, परंतु दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेण्यास मनाई असल्यामुळे पेढे, खवा आणि साजूक तूप बॅगेत ठेवू नये. ताजा कढीपत्ता आणि आंबेही नकोत. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, तेव्हा रिकामी बाटली जवळ असू द्यावी.

दंडाचे काही नियम जोडप्यांना नेमके आडवे येतात. पुलांच्या कठड्यांना कुलपे लावणे, सान मार्कोच्या पायऱ्यांवर बसून डबा खाणे, कालव्यात पोहायला उतरणे आणि कबुतरांना दाणे टाकणे हे सर्व निषिद्ध आहे. कबुतरांवरची बंदी २००८ पासूनची, म्हणजे दादरच्या वादाच्या कितीतरी आधीची.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. आपले दोन बारीक पिनांचे चार्जर तेथे बसतात, तीन पिनांचे बसत नाहीत. पॉवर बँक हातातल्या सामानात ठेवावी. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह घ्यावीत. तातडीचा क्रमांक ११२ आहे. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तेथे संध्याकाळी सात वाजतात तेव्हा घरी साडेदहा झालेले असतात, म्हणून दोन्हीकडच्या आईवडिलांना फोनची वेळ सकाळची ठरवून द्यावी, नाहीतर ऐन रम्य संध्याकाळ व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना पूल दाखवण्यात जाईल.

काचेच्या वस्तू घ्यायच्या असतील तर काचकामाच्या मुरानो बेटावर आपल्या पासवर स्वतः जावे. ‘फुकट नाव’ म्हणून नेणारे लोक थेट दुकानात उतरवतात आणि तेथून रिकाम्या हाताने निघणे अवघड करतात. एका दुकानात ७० युरोंहून अधिक खरेदी झाल्यास करपरतीचा कागद मागून घ्यावा. युरोपीय संघाबाहेर पडताना तो विमानतळावर दाखवावा लागतो, आणि त्या वेळी वस्तू पाहायला मागू शकतात, म्हणून ती चेक-इन होण्याआधी ही रांग उरकावी. परतीचे विमान पहाटेचे असेल तर त्या वेळेची पहिली नाव किंवा बस कधी सुटते हे आदल्या दिवशी थांब्यावरच्या वेळापत्रकात पाहावे, आणि ती उशिराची असल्यास शेवटची रात्र मात्र मेस्त्रेला काढावी.