कमरेला लावायचं छोटं पिस्टल-रिव्हॉल्व्हर कसं निवडायचं (बेळगाव भागातल्या लायसन्सवाल्यांसाठी)

रविवार पेठेतले होलसेलवाले, शहापूरचे सराफ, निपाणीकडचे तंबाखूचे व्यापारी, रात्री कॅश घेऊन घरी जाणारे पंपवाले, अशा लोकांना खरंच गरज असते आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठलं घेऊ. आणि प्रश्न विचारतानाच मोबाईलवर कुठल्यातरी अमेरिकन ९ एमएम पिस्टलचा व्हिडिओ दाखवतात. ते पहिलं बंद करा. ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर (बंदी असलेलं नळीचं माप) आहे, साध्या नागरिकाला मिळत नाही. त्यामुळे त्या व्हिडिओतली निम्मी माहिती आपल्या कामाची नाही. आपल्याला कमरेला लावायला मिळतं ते मुख्यतः .३२, पिस्टल किंवा रिव्हॉल्व्हर, आणि थोडंफार .२२. एवढ्यातच निवडायचं आहे, म्हणून नीट निवडायचं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे हत्यार झाकून बाळगणं ही कुणाच्या आवडीनिवडीची गोष्ट नाही, तो नियमच आहे. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये अंगाला लावलेलं पाहिजे नाहीतर बॅगेत, पूर्ण झाकलेलं पाहिजे आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. लग्नात, वरातीत, जत्रेत शर्ट वर करून दाखवणारे जे असतात ते स्वतःचं लायसन्स घालवायची सोय करत असतात, आणि हवेत बार काढला तर आर्म्स ॲक्टच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून माझं सरळ मत आहे की जे हत्यार तुमच्या रोजच्या कपड्यात दिवसभर झाकून राहतं आणि तुमच्या हाताला नीट चालतं तेच चांगलं. जे कपाटात राहतं किंवा शर्टाखालून दिसतं ते कितीही भारी असू दे, उपयोगाचं नाही.

निवड अर्जाच्या आधी करा, नंतर नाही. ही गोष्ट लई लोकांना उशिरा कळते. अर्जात कुठल्या प्रकारचं हत्यार पाहिजे ते लिहावं लागतं आणि लायसन्सवर तेच येतं, रिव्हॉल्व्हर लिहून आणलं आणि दुकानात जाऊन पिस्टल आवडलं की परत ऑफिसच्या चकरा. बेळगाव शहरातले लोक पोलीस कमिशनर ऑफिसकडे जातात, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, अथणी वगैरे तालुक्यातले डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसकडे. वय २१ पूर्ण पाहिजे, हत्यार सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट लागतं, पोलीस व्हेरिफिकेशन होतं, आणि मिळालं की लायसन्स पाच वर्षांचं असतं. जास्तीत जास्त दोन हत्यारं. स्टेशनमधली कागदं कन्नडमध्ये असतात, वाचता येत नसलं तर वाचता येणाऱ्या माणसाकडून सगळं वाचून घ्या, मगच सही करा, विशेषतः हत्याराचा प्रकार आणि बोअर लिहिलेली ओळ. आणि खानापूर-जांबोटीकडचे जे शेतकरी रानडुकरांसाठी लायसन्स काढतात त्यांनी लक्षात घ्या, पीक संरक्षणाचं लायसन्स लांब बंदुकीसाठी असतं, त्यावर पिस्टल येत नाही. कोडगूच्या लोकांना बंदुकीला सूट आहे मग आम्हाला का नाही असं कुणीतरी विचारतंच, ती सूट त्यांची जुनी आणि वेगळी आहे, आपल्याला लागू नाही.

आता पिस्टल का रिव्हॉल्व्हर. दोन्ही .३२ म्हणतात पण काडतूस वेगळं असतं हे आधी बघा. पिस्टलचं ७.६५ × १७, गोळी साधारण ७१ ग्रेनची (४.६ ग्रॅम). रिव्हॉल्व्हरचं लांब, ७.६५ × २३. एकाचं काडतूस दुसऱ्यात घालायचा प्रयोग कधीच करू नका, आणि दुकानातून घेताना डब्यावरचं वाचूनच घ्या. ताकद म्हणाल तर दोन्ही मध्यमच, .३२ म्हणजे काही तोफ नव्हे, म्हणून गोळी लागेल तिथं लागणं जास्त महत्त्वाचं, आणि ते हत्यार हातात बसण्यावर आणि सरावावर आहे.

रिव्हॉल्व्हरचा फायदा म्हणजे साधेपणा. चक्रीत सहा घरं (काडतूस बसायच्या जागा), चाप ओढला की चालतं, एखादं काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा, पुढचं घर येतं. स्लाइड (पिस्टलचा वरचा सरकता भाग) ओढा, सेफ्टी काढा ही भानगड नाही. ज्यांच्या बोटात ताकद कमी आहे, वय झालंय, किंवा जे महिनोन्महिने हात लावणार नाहीत हे त्यांचं त्यांना माहीत आहे, त्यांनी डोळे झाकून रिव्हॉल्व्हर घ्यावं असं मला वाटतं. तोटा म्हणजे चक्री जाड असते, कमरेला फुगवटा येतो, आणि डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा (मागची हातोडी) आधी हाताने न ओढता सरळ चाप ओढला तर, चाप जड असतो, नवख्याची पहिली गोळी खाली जाते ती त्यामुळेच. पिस्टल चपटं असतं, शर्टाखाली दिसत नाही, मॅगझीनमध्ये सात-आठ गोळ्या, पण त्याला देखभाल पाहिजे, मॅगझीनची स्प्रिंग चांगली पाहिजे, काडतूस चांगलं पाहिजे, आणि अडकलं तर दोन सेकंदात मोकळं करायची सवय पाहिजे. सवय नसली तर ऐन वेळेला हातात नुसतं लोखंड उरतं.

आपल्या कारखान्यांचं काय मिळतं तेही सांगतो. कानपूरचं जुन्या पद्धतीचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, वरून मोडून उघडतं, जुन्या इंग्रजी वेब्ली रिव्हॉल्व्हरच्या धर्तीवरचं. २०१४ ला निर्भीक आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास, बायकांसाठी म्हणून गाजलं पण हलकं हत्यार कुणालाही सोयीचंच की. २०२३ ला प्रबल आलं, त्याची चक्री बाजूला उघडते, नळी ७६ मिलिमीटर. मला स्वतःला बाजूला उघडणारी चक्री जास्त आवडते, भरायला-रिकामं करायला सोपी आणि आतलं सगळं समोर दिसतं. निडर म्हणून .२२ चं आठ गोळ्यांचं आहे, २५० ग्रॅमचं, खिशात कळतसुद्धा नाही. पण .२२ ची ताकद कमी आणि त्या जातीची काडतुसं फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे ज्याला दुसरं काही झेपतच नाही त्यालाच सांगेन. पिस्टलमध्ये ऑर्डनन्सचं (सरकारी शस्त्र कारखान्याचं) अशनी आहे. बाकी जुनी परदेशी, वाल्थर वगैरे, १९८० च्या दशकात आयात बंद झाल्यापासून त्यांची किंमत ऐकून चक्कर येते. बनावट सुंदर असते, नाही म्हणत नाही, पण स्पेअर मिळत नाही, मॅगझीन मिळत नाही, स्प्रिंगा थकलेल्या असतात. रोज लावायला घेणार असाल तर नवीन देशी बरं.

दुकानात गेल्यावर घाई करू नका. पहिलं, दुकानदाराने रिकामं करून दाखवलं तरी तुम्ही स्वतः परत बघा, पिस्टल असेल तर आधी मॅगझीन काढा आणि मग स्लाइड मागे ओढून चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथं) बोट घालून बघा, हा क्रम उलटा झाला तर एक गोळी आत राहते. नळी कायम भिंतीकडे किंवा जमिनीकडे. मग मूठ धरा. तिन्ही बोटं मुठीवर बसली पाहिजेत, करंगळी खाली लोंबत असेल तर उडवताना हत्यार हातात फिरतं. चापावर बोटाचं पहिलं पेर टेकलं पाहिजे, नुसतं टोक टेकत असेल तर मूठ तुम्हाला मोठी आहे, बोट सांध्यापर्यंत आत जात असेल तर छोटी आहे. डोळे मिटून हात समोर उचला आणि डोळे उघडा, साइट साधारण सरळ दिसली तर हत्यार तुमच्या हाताचं, वाकडीच दिसत असेल तर दुसरं बघा. पिस्टलची स्लाइड लागोपाठ दहा-पंधरा वेळा ओढून बघा, पहिल्या दोन वेळा सगळ्यांनाच जमतं, खरं काय ते नंतर कळतं. पावसात भिजलेल्या किंवा घामट हाताने जमेल का ते मनात धरा.

जुनं घेत असाल तर जास्त बारीक बघा. रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढून चक्री दोन बोटांत धरून हलवायची, अगदी किंचित हालचाल चालते, खडखड वाजत असेल तर सोडून द्या. सगळी सहा घरं एक एक करून तशीच तपासा, एखादंच घर नीट लॉक होत नाही असं असतं. नळीतून उजेडाकडे बघा, आतली पिळदार रेघ स्वच्छ दिसली पाहिजे, मधेच गोल कडं किंवा काळी सावली दिसली तर नळी आतून फुगलेली आहे. नंबर खोडलेला, घासलेला, परत कोरलेला वाटला की पैशाची गोष्टच करू नका, उठून चालू लागा. कट्ट्याच्या (चोरून बनवलेल्या गावठी पिस्तुलाच्या) वाटेला तर जाऊच नका. बिनलायसन्स हत्यार सापडलं तर कमीत कमी दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत, आणि ते फुटलं तर आधी तुमच्याच हातात फुटतं.

होल्स्टर आणि पट्टा यावर लोक पैसे वाचवतात ते मला पटत नाही. चाप पूर्ण झाकणारं, त्याच मॉडेलच्या मापाचं होल्स्टर पाहिजे आणि पट्टा जाड, न वाकणारा. होल्स्टरशिवाय नुसतं कमरेत खोचणं म्हणजे मांडीत गोळी घालून घ्यायची तयारी. आपल्याकडे निम्मा वेळ दुचाकीवर जातो, तेव्हा दुकानातच होल्स्टर लावून स्टुलावर बसा, पुढं वाका, बुटाची नाडी बांधा, मूठ मागून शर्टाला टोचतेय का बघा. नेहरू शर्ट किंवा सैल बाहेर सोडलेला शर्ट असेल तर उजव्या कुल्ल्याच्या जरा मागं चांगलं झाकतं. धोतर-लुंगीवाल्यांनी वेगळा कमरपट्टा आतून बांधल्याशिवाय लावू नये. बायकांनी पर्समध्ये ठेवलं तर वेगळा कप्पा पाहिजे, त्यात दुसरं काही नको, आणि पर्स खांद्यावरून खाली ठेवायची नाही, कारण चोर पर्सच आधी ओढतो.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची का नाही यावर वाद होतात. जुन्या बनावटीचं पिस्टल असेल, पडल्यावर उडणार नाही याची खात्री नसेल, तर चेंबर रिकामं ठेवा. जुन्या रिव्हॉल्व्हरला घोड्याखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरा. एक गोळी कमी झाली म्हणून काही बिघडत नाही, घरात पोरं असताना हत्यार पडलं तर मात्र बिघडतं. घरी आल्यावर कुलपाच्या पेटीत, गोळ्या वेगळ्या कुलपात. उशीखाली नको, देवघरात नको.

सीमेवरच्या आपल्या लोकांना सगळ्यात जास्त घोळ होतो तो हद्दीचा. लायसन्सवर एरिया व्हॅलिडिटी (ते कुठल्या भागात चालतं ते) लिहिलेली असते, कर्नाटक लिहिलं असेल तर कर्नाटकच. आता आपलं कसं आहे, राहायला बेळगावात, शेत चंदगडात, पाहुणे कोल्हापुरात, माल हुपरीला. शिनोळीला चहा प्यायला गेलात तरी महाराष्ट्रात गेलात, कोगनोळी ओलांडली की तसंच, चोर्ल्यानं गोव्याला उतरलात की तिसरंच राज्य. गाव तेच, भाषा तीच, पण कमरेचं हत्यार तिथं बिनलायसन्सचं होतं. धंद्यासाठी खरंच जावं लागत असेल तर कारणं, बिलं, पत्रं जोडून हद्द वाढवून मागा, आणि मिळेपर्यंत हत्यार घरी ठेवून जा. गाडीत डॅशबोर्डमध्ये ठेवलंय, अंगावर नाही, ही सबब चालत नाही. निवडणूक लागली की जमा करायचा आदेश निघतो, तेव्हा स्टेशनला किंवा लायसन्सवाल्या दुकानात ठेवा आणि पावती घ्या, नंबर स्वतः तपासून.

वापराचा नियमही घेण्याआधी वाचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय पण गरजेपुरताच, पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर तो बचाव राहत नाही. बॅग देऊन सुटका होत असेल तर बॅग द्या, सराफांनी तर हे घरच्यांनाही सांगून ठेवावं.

देखभालीचं आपल्या भागात वेगळंच आहे. कणकुंबी-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात चार दिवसांत लोखंडाला तांबूस डाग येतो, अथणी-रायबागकडं घामानं तेच होतं. रात्री होल्स्टरमधून बाहेर काढून पुसा, कातडी होल्स्टर ओल धरून ठेवतं म्हणून त्यात साठवू नका. गन ऑइलचा पातळ हात पुरे, जास्त तेल काडतुसाच्या टोपीत गेलं की ते फुसकं होतं. खोबरेल तेल लावणारे बघितलेत, ते चिकट होतं, लावू नका. खडकीच्या कारखान्याची काडतुसं येतात, बुडाला केएफ असा शिक्का असतो, अंगावर वर्षभर वागवलेली काडतुसं सरावात उडवून टाका आणि नवीन भरा. सराव तुमच्या रोजच्याच कपड्यात, त्याच होल्स्टरमधून, रेंजवरच्या माणसाच्या देखरेखीखाली करा. कर्नाटकात जिल्हा पोलीस नागरिकांसाठी बंदूक ट्रेनिंग घेतात, त्याची चौकशी आपल्या डीएआर (जिल्हा सशस्त्र राखीव पोलीस) ऑफिसात करा, हत्यार घ्यायच्या आधीच केली तर जास्त चांगलं, कारण चार-सहा वेळा बार काढल्यावर तुमच्या हाताला पिस्टल झेपतंय का रिव्हॉल्व्हर ते तिथंच कळतं आणि मग अर्जात तेच लिहिता येतं.