ओसाकाहून योशिनो: एका दिवसात साकुरा

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ओसाकात असाल, तर योशिनोच्या डोंगरावरचा साकुरा, म्हणजे चेरीच्या फुलांचा बहर, सोडू नका. आबेनोबाशी स्टेशनवरून किंतेत्सु कंपनीची गाडी थेट जाते, साधारण दीड तास. रविवार टाळाच, त्यापेक्षा आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी परवडली.

डोंगरावर सुमारे ३०,००० झाडं, चार टप्प्यांत: शिमो, नाका, कामी आणि सगळ्यात वर ओकू. बहर खालून वर सरकतो. स्टेशनजवळ फुलं गळालेली दिसली तरी हिरमुसू नका, वर चला.

जेवण सोलापूरचंच न्या, मी तर तेच सांगेन. कडक भाकरी स्टीलच्या डब्यात उभी रचा, म्हणजे चुरा होत नाही. शेंगाचटणी कोरडीच न्या; घरून तेल घातलंत तर बॅगेतले कपडे लालभडक झालेच म्हणून समजा. सतरंजीवर बसताना चपला बाहेर काढायच्या, तिथली रीतच आहे. फांदी ओढून फोटो काढू नका.

आपल्याकडे तेव्हा उन्हाचा भडका असतो, तिथे सकाळी दात वाजतात. स्वेटर हवाच. कचराकुंड्या फारशा सापडत नाहीत, म्हणून एक रिकामी पिशवी खिशात ठेवा.