खुबा बदलल्यानंतर शेतातल्या कामावर परत कसं जावं

खुबा बदलल्यावर साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात बऱ्याच जणांचं दुखणं थांबत येतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. वर्षानुवर्षं ठणकणारा सांधा गप्प झाला की हात आपोआप फावड्याकडे जातो. पण हाडाचं सिमेंट न लावता बसवलेला कृत्रिम सांधा हाडाने नीट धरायला सहा ते बारा आठवडे लागतात. स्नायूंची ताकद परत यायला तर त्याहून जास्त. म्हणून कामाचा दिवस दुखण्यावरून ठरवू नका, पायातल्या ताकदीवरून ठरवा.

पडून हाड मोडलं असेल तर तारीख आपल्या हातात नसते. पण सांधा झिजल्यामुळे किंवा मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे ऑपरेशन करायचं असेल, तर फेब्रुवारी किंवा मार्चचा पहिला आठवडा गाठावा. जूनच्या पेरणीपर्यंत तीन महिने मिळतात. मे महिन्यात ऑपरेशन आणि पावसात चिखलातून वॉकर, हा बेत करूच नये.

घर आधी तयार करा

बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहिला पाहिजे. मध्यम उंचीच्या माणसाला 18 ते 20 इंचांची, हात असलेली खुर्ची लागते, पलंगही तेवढाच. जमिनीवरची गादी, बाज आणि खोल सोफा बंद. घरात बसका संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणा आणि तिचे पाय डगमगत नाहीत ना, हे आधी धडधाकट माणसाला बसवून बघा. न्हाणीघरात उंच स्टूल, खाली रबरी मॅट, भिंतीला दांडी. वाटेतली पायपुसणी आणि वायरी उचला.

पहिले सहा आठवडे

खुबा पुढून उघडला की मागून, हे डॉक्टरांना विचारून घ्या, कारण पथ्यं त्यावर ठरतात. मागून उघडला असेल तर तीन गोष्टी टाळायच्या: खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं. पुढून असेल तर पाय फार मागे नेणं आणि बाहेर फिरवणं जपावं लागतं. सांधा निसटतो तो बहुधा घरातल्या किरकोळ हालचालीत. पलंगाखालची चप्पल काढायला वाकणं, पायाशी गेलेली चादर बसल्या बसल्या ओढणं, उभ्या उभ्या ऑपरेशनच्या पायावर गर्रकन वळणं. वळताना छोटी पावलं टाका. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा ठेवा.

चालणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकरवर सुरू होतं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. वॉकर सुटल्यावर काठी ऑपरेशनच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण ती दुखऱ्या बाजूला धरतात, मग खुब्यावरचा भार कमी होत नाही आणि माणूस अधिकच झुकतो. हात सरळ सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीला आली पाहिजे.

व्यायाम साधे आहेत. जागेपणी दर तासाला दहा वेळा पाऊल वर-खाली. मांडीचा आणि ढुंगणाचा स्नायू पाच सेकंद आवळून सोडणं, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. फिजिओने परवानगी दिल्यावर ओट्याला धरून पाय बाजूला नेणं. लंगडणं जातं ते या शेवटच्या व्यायामाने, आणि कंटाळा करून सोडला जातो तोही हाच.

रक्त पातळ ठेवणारं औषध बहुधा महिनाभर, कधी 35 दिवसांपर्यंत असतं; बरं वाटतंय म्हणून मधेच थांबवू नका. एका पोटरीत दुखणं, ताण आणि वाढती सूज दिसली तर तिथे तेल लावून मालीश तर अजिबात नको. आत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक दम लागला, छातीत दुखलं तर तासाचीही वाट बघू नका. टाके साधारण 12 ते 14 दिवसांनी निघतात. त्यानंतर जखम पाझरू लागली तर मेडिकलमधून गोळ्या आणून भागवू नये, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवावं.

सहा आठवडे ते तीन महिने

आता चालणं वाढवा. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, मग दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन मिनिटं जास्त. काठीशिवाय लंगडत असाल तर काठी सोडू नका, लंगडण्याची सवय पुढे मोडता मोडत नाही. उचलायचं वजन पाच किलोच्या आत. कामाला लागण्याआधी एवढं जमतंय का बघा: सपाट रस्त्यावर काठीशिवाय, न लंगडता एक किलोमीटर, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, जिना एकाआड एक पायाने चढणं, आणि ऑपरेशनच्या पायावर दहा सेकंद उभं राहणं. शेवटचं आरशासमोर, ओट्याजवळ करा. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकली तर खुब्याच्या बाजूचा स्नायू अजून कच्चा आहे. शेत थांबेल.

शेतात

डॉक्टरांनी एक्स-रे बघून होकार दिला की तीन महिन्यांनंतर सुरुवात अर्ध्या दिवसाची. कापूस वेचणं, भाजी तोडणं, ठिबकची पाहणी अशी उभ्याची कामं आधी. खुरपणी उकिडवं बसून नको, लांब दांड्याचं कोळपं घ्या. धारेला उंच स्टूल, आणि लाथ मारणारी गाय दुसऱ्याकडे द्या. ट्रॅक्टरवर चढणं-उतरणं हेच मोठं काम. डावा खुबा बदलला असेल तर क्लच जोर लावून दाबता येतो का, हे उभ्या ट्रॅक्टरवर आधी तपासा. पाठीवरचा 16 लिटरचा पंप भरल्यावर 20 किलोच्या आसपास जातो, तो सहा महिन्यांआधी नको. युरियाची गोणी 45 किलोची. ती उचलणं कायमचं सोडलेलं बरं. दोघांनी धरा किंवा ढकलगाडी वापरा. कोकणातली भाताची लावणी सगळ्यांत वाईट: कंबरेत पूर्ण वाक, रुतलेला पाय, आणि तो उपसताना बसणारा पीळ.

कामानंतरचं दुखणं रात्रीत ओसरलं तर ठीक. दुसऱ्या सकाळीही राहिलं तर पुढच्या दिवशी काम निम्मं करा. संध्याकाळी पाय सुजणं पहिले काही महिने चालतं, पण सकाळपर्यंत सूज उतरली पाहिजे.

अनवाणी शेतात जाणं बंद करा. रुतलेला काटा, टाचेची भेग, गळू, किडलेली दाढ, कुठूनही जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यापर्यंत पोचू शकतात. वर्षं उलटली तरी नवीन डॉक्टरला आणि दातांच्या डॉक्टरला खुबा बदललाय हे सांगायचं.

खुब्यात अचानक तीव्र कळ आली, पाय आखूड झालेला किंवा वळलेला दिसला आणि टेकवता येईना, तर सांधा निसटल्याचं समजा. हाडही मोडलेलं असू शकतं. हाडवैद्याला ओढायला देऊ नका. आडवं झोपवा, पाय आहे त्या स्थितीत उशांनी आधारून ठेवा, काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागते. 108 ला फोन करून जिथे एक्स-रे आणि हाडांचे सर्जन आहेत तिथेच न्या.