मे महिन्यात माथेरान, साडेअकराच्या आत

तीन वर्षांपूर्वी आम्ही मे महिन्यातल्या एका शनिवारी माथेरानला चालायला सुरुवात केली ती दुपारी बारा वाजता. ठाण्याच्या कोपरीतून निघालोच नऊला, त्यात नेरळला टॅक्सीची रांग. दस्तुरीहून, म्हणजे गाड्या जिथे थांबतात त्या नाक्यावरून, छोट्या रेल्वेच्या रुळांच्या कडेने वीस मिनिटं चाललो असू, तेवढ्यात थोरली म्हणाली, "आई, मला थंडी वाजतेय."

भर उन्हात थंडी. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. उन्हाने लोळागोळा झालेली माणसं मला नवीन नाहीत, पण स्वतःची पोर समोर उभी असताना ओळखायला मिनिटभर गेलं. तिला झाडाखाली बसवलं, पाय उशीसारख्या सॅकवर टेकवले, ओढणी भिजवून मानेवर ठेवली, साखरमिठाचं पाणी घोटघोट पाजलं. अर्ध्या तासाने चेहऱ्यावर रंग आला आणि आम्ही तिथूनच मागे फिरलो. एकही पॉइंट बघितला नाही. धाकट्याच्या लेखी माथेरान म्हणजे टॅक्सीची रांग आणि ताईची उलटी, एवढंच उरलं.

त्यानंतर दोनदा मे महिन्यातच गेलो. दोन्ही वेळा पाच जण होतो: मी, नवरा, पंधराची थोरली, दहाचा धाकटा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. दोन्ही वेळा धड चाललो, धड जेवलो. आम्ही काय केलं ते सांगते.

आधी जागेबद्दल. ट्रेकवाली मित्रमंडळी पेबचा किल्ला सुचवतील, कलावंतीणचा सुळका सुचवतील. ते हिवाळ्यात. मेमध्ये तिथल्या उघड्या कातळावर सकाळी नऊला तवा तापलेला असतो. माथेरानचा माथा साधारण ८०० मीटरवर आणि वर अंजनी, जांभूळ, हिरड्याचं दाट रान. उंची वाढली की हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे ठाण्यात सदतीस असेल तर वर बत्तीसच्या आसपास. हे काही काश्मीर नाही. खरी चैन सावलीची. शिवाय चालायच्या वाटेवर गाडीचा धूर नाही, आणि काही झालंच तर बाजारपेठेच्या बाजूला रुग्णालय आहे. ज्याने या डोंगराचं नाव इंग्रजांच्या कानावर घातलं तो ह्यू मॅलेट ठाण्याचाच कलेक्टर होता आणि तोही वर गेला १८५० च्या मे महिन्यातच. ठाण्याच्या मे महिन्यात साहेबाला डोंगर आठवला, यात नवल नाही.

आता वेळ. आमच्याकडे दिवस उलटा मोजतात. साडेअकराला सगळ्यांनी दाट झाडीत बूट काढून बसलेलं असायचं, हा खुंटा पक्का. तिथून मागे या. लुईझा पॉइंट सव्वादहाला, शार्लोट लेक सव्वानऊला, बाजारपेठ सव्वाआठला, दस्तुरी सव्वासातला, नेरळ सातच्या आत. म्हणजे ठाण्याहून साडेपाचच्या आसपासची कर्जत लोकल हवी आणि घरात चारला दिवा लागला पाहिजे. ही मोजणी कागदावर करून फ्रिजवर लावा. लोकल चुकली तर पुढच्या तासाला जाऊ, असं म्हणायचं नाही. त्या दिवशी तलावपाळीला फेरी मारा, आइस्क्रीम खा आणि पुढच्या आठवड्यात जा. पहिल्या वर्षी आम्ही नेमकं "पुढच्या तासाला" म्हटलं होतं.

वार मंगळवार किंवा बुधवार घ्या. सगळ्यांना रजा मिळत नाही, मान्य आहे. पण शनिवार-रविवारी नेरळ आणि दस्तुरी या दोन ठिकाणी मिळून जो वेळ जातो तो थेट तुमच्या सावलीतून कापला जातो.

बूट नवे असतील तर आठ दिवस आधीपासून उपवनच्या तलावाभोवती घालून फिरा. माथेरानच्या वाटा जांभ्याच्या, वर तांबडा मुरूम पसरलेला. पावसाळ्यात शेवाळावरून घसरतात, उन्हाळ्यात या बारीक खड्यांवरून. चपटा तळवा चालत नाही. पोरांच्या शाळेच्या बुटांचं खालचं रबर अंगठ्याने दाबून बघा, खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर ते बूट शाळेतच बरे. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. टोपी कडा असलेली, कान झाकणारी. गॉगल विसरला तरी चालेल, जुनी सुती ओढणी विसरू नका. ती टोपी होते, पंचा होते, चटई होते आणि वेळ आलीच तर ओली पट्टी.

पाणी माणशी दोन लिटर घरून. वर बाजारात पाणी मिळतं, पण बाजार सोडला की पॉइंटांवरच्या टपऱ्या उघड्या असतील याचा भरवसा नाही, आणि मधल्या आठवड्यात तर नाहीच. एक बाटली पन्ह्याची, चिमूटभर जास्त मीठ घालून. एक बाटली साखरमिठाची: लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. "अंदाजाने" करू नका, मीठ जास्त पडलं तर ते औषध राहत नाही. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं की घामातून गेलेलं मीठ परत येत नाही. डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि माणूस म्हणतो, "पाणी तर एवढं प्यालो!" धाकट्याला आम्ही मोबाइलचा गजर लावून दिलाय, दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी चार घोट. गजर वाजवायचं काम त्याच्याकडे असल्यामुळे तो स्वतः न सांगता पितो. हा शोध सासूबाईंचा.

खाण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, काकड्या आणि मीठ-तिखट लावलेल्या कैरीच्या फोडी. दहीभात नको, पाच तासांत आंबतो. चिप्सची पाकिटं तर मुळीच नकोत, त्याला कारण माकडं. माथेरानच्या माकडांना प्लॅस्टिकचा चुरचुर आवाज कळतो. आमची पुऱ्यांची पिशवी एका बाईमाणसाच्या आवेशात आलेल्या माकडिणीने नवऱ्याच्या हातून काढून नेली आणि वर झाडावर बसून एकेक पुरी वास घेऊन खाली टाकली. तेव्हापासून सगळं स्टीलच्या डब्यात, डबा सॅकमध्ये, सॅक पुढे छातीवर. माकडाने काही धरलंच तर सोडून द्या. ओढाताण केली की चावा बसतो आणि मग उरलेली सुट्टी रेबीजच्या इंजेक्शनांच्या तारखांत जाते.

नेरळला उतरलात की टॅक्सी माणशी सीटवर मिळतात, पाच जण असाल तर अख्खी भरते आणि लगेच सुटते. वळणांवर पोटात ढवळतं, म्हणून पोरांना पुढे काचेसमोर बसवा आणि निघण्याआधी पोटभर खायला घालू नका. नेरळहून थेट छोट्या गाडीनं, म्हणजे टॉय ट्रेननं, जायचा मोह होईल. १९०७ साली सुरू झालेली, २१ किलोमीटर वळत जाणारी ती गाडी एकदा अनुभवायलाच हवी, पण चालायच्या दिवशी नको. तिला दोन तासांहून जास्त लागतात आणि आपली थंड सकाळ डब्यात बसून संपते.

दस्तुरीला प्रवेशकर भरला की गाड्यांचं राज्य संपतं. इथे आम्ही घर दोन भागांत वाटतो. सासूबाईंचा उजवा गुडघा चढाला कुरकुरतो, म्हणून त्या तिथल्याच अमन लॉज स्टेशनहून छोट्या रेल्वेच्या शटल गाडीनं बाजारात जातात, सोबत आळीपाळीने एक जण. शटलची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवायची. घोड्याचंही विचारलं होतं. "मी काय नवरदेव आहे?" म्हणाल्या. बाकीचे चालत, रुळांच्या बाजूने साधारण अडीच किलोमीटर. सकाळी ही वाट जवळजवळ सगळी सावलीत असते. स्लीपरवरून उड्या मारत जाणं मुलांना आवडतं, पण स्लीपरची अंतरं माणसाच्या पावलाला जुळत नाहीत आणि पोटऱ्या लवकर भरतात. कडेच्या मातीवरून चाला. शिट्टी ऐकू आली की दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, हे मुलांना निघतानाच सांगा.

ओळीत पुढे सगळ्यात हळू चालणारा. आमच्याकडे तो धाकटा. तो पुढे असला की वेग तो ठरवतो, मागे असला की धावत गाठतो आणि दर दहा मिनिटांनी रडकुंडीला येतो. सगळ्यात मागे नवरा. बोलता बोलता चालता येत असेल तर वेग बरोबर. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की कमी करा.

बाजारात चहा आणि स्वच्छतागृह. पुढे सोय कुठे मिळेल सांगता येत नाही, त्यामुळे "मला नाही लागली" हे कोणाचंही ऐकून घेऊ नका. सिद्धगडावर १९४३ च्या जानेवारीत हुतात्मा झालेले स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल या माथेरानचेच, हे मी मुलांना इथे सांगितलं. थोरलीला ते पुस्तकातून माहीत होतं, इथले म्हणून नव्हतं.

बाजारातून पूर्वेचे पॉइंट की पश्चिमेचे, असा प्रश्न येतो. उन्हाळ्यात सकाळी पश्चिम, बिनतक्रार. सकाळचं ऊन पूर्वेच्या कड्यांवर थेट येतं. शार्लोट लेक, इको, लुईझा ही बाजू तोवर बरीचशी डोंगराच्याच सावलीत असते आणि समोरचा प्रबळगड मात्र उजळलेला दिसतो. दुपारनंतर उलट होतं, पश्चिमेचा कडा भट्टीसारखा तापतो. सूर्यास्त बघायला संध्याकाळपर्यंत थांबणारे थांबोत, दिवसाच्या सहलीत तो बसत नाही.

शार्लोट लेक हे गावाचं पिण्याचं पाणी. उतरायचं नाही, पायही बुडवायचे नाहीत. काठाजवळ पिसारनाथाचं देऊळ आहे. सासूबाई तिथे सावलीत बसतात आणि आम्ही पुढे लुईझाला जाऊन येतो. कड्यावर एकच नियम, आणि तो फोटोसाठीही मोडत नाही: कठड्याच्या अलीकडे, मुलाचा हात मोठ्याच्या हातात. सुटा मुरूम कठड्यापलीकडे उताराला असतो, तिथे ब्रेक लागत नाही. कड्यांवर आग्या मोहोळ लटकलेली असतात, म्हणून अत्तर नको, धूर नको, दगड भिरकावणं तर अजिबात नको. खाली खाचेत कान देऊन ऐका, पाऊस जवळ आला की शीळकरी कस्तुर हा पक्षी माणसासारखी शीळ घालतो. पहिल्यांदा धाकट्याने उलट शीळ घातली होती.

साहसाची हौस वेगळी भागवायची. वन ट्री हिलच्या बाजूला "शिवाजीची शिडी" म्हणतात ती दगडी वाट खाली उतरते. आम्ही वेगळ्या दिवशी सगळ्यात आधी तिथेच गेलो, तेही सकाळीच, आणि घड्याळ लावून फक्त पंधरा मिनिटं उतरलो. थोरलीला अजून खाली जायचं होतं. उन्हाळ्यात उतरलेली प्रत्येक पायरी जास्त ऊन डोक्यावर घेऊन परत चढायची असते. पंधरा मिनिटांची उतरण चढायला आम्हाला अठ्ठावीस लागली, हे तिने स्वतः मोजलं. दोरीवरून दरी ओलांडायचे खेळ दिसले तर हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि मुख्य दोराशिवाय दुसरा आधाराचा दोर, हे तिन्ही डोळ्यांनी बघा. विचारल्यावर समोरचा चिडला तर पैसे खिशात ठेवा.

साडेअकराला बूट काढायचे. मोजेही. पाय कोरडे करा, फोड येतोय असं वाटलं तर आत्ताच चिकटपट्टी लावा. जेवा आणि झोपा. खरंच झोपा. मुलं पत्ते खेळतात, पानं गोळा करतात, अंजनीच्या जांभळ्या फुलांचे गुच्छ वेळेवर गेलात तर खोडाफांद्यांना चिकटलेले दिसतात. अडीच-तीनपर्यंत हलायचं नाही. याच वेळेत सगळ्यांचे चेहरे बघा. डोकेदुखी, मळमळ, घामाने गार पडलेलं अंग, काटा येणं असेल तर सावली, ओलं कापड, साखरमिठाचं पाणी आणि त्या माणसाचं चालणं त्या दिवसापुरतं बंद. पण बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून भाजायला लागलं, तर ते वेगळं. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि रुग्णालय गाठायला माणूस पाठवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

तीननंतर बाजार, चिक्की, चपलांच्या दुकानात थोडा वेळ वाया, मग पुन्हा रुळांच्या कडेने दस्तुरी. उतरताना सगळ्यांचे गुडघे सारखेच, तेव्हा घाई करू नका. नेरळ स्टेशनबाहेर पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आदिवासी बायका बसलेल्या असतात. घासाघीस न करता दोन द्रोण घ्या. गाडीत चिकाने बोटं काळी-चिकट होतात, जुना रुमाल हाताशी ठेवा.

घरी आल्यावर मोजे मशीनमध्ये टाकायचे नाहीत. माथेरानची लाल माती एका धुण्यात सुटत नाही, शाळेचे पांढरे शर्ट गुलाबी होतात. बादलीत वेगळे भिजवा, सकाळी पहिलं पाणी कुंडीत ओता, मग साबण. आमची तुळस या मातीवर बरी वाढलीय.